दिसणे आणि दर्शन

वारकऱ्याला रूपाची ओढ असते. विटेवरचे समचरण, कटेवरचे कर, गळ्यातली तुळशीमाळ डोळे भरून पाहावी म्हणून तो चालतो. त्यामुळे दृष्टी मंदावली की पहिली काळजी लागते ती दर्शनाची. माझ्या आईचे तसेच झाले. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. कडेचे दिसते, उजेड आणि रंग कळतात. पण ज्याच्याकडे पाहावे त्याचा चेहराच हरवतो. कार्तिकीहून परतताना ती एवढेच म्हणाली होती, "देव समोर होता गं, मला दिसला नाही."

नाताळच्या सुटीत आम्ही दिल्लीला भावाकडे गेलो. इंडिया गेटजवळ जयपूर हाउसमध्ये १९५४ साली सुरू झालेले राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तिथे एक अख्खा दिवस काढला. घाई कसलीच नव्हती. थोडा वेळ बाहेर ऊन खात बसलो, मग दालनांतून सावकाश हिंडलो. अमृता शेरगिल यांची चित्रे मी आईला वर्णन करून सांगत होते.

पुढे वासुदेव गायतोंडे यांचे चित्र आले. गोमंतकीय घराण्यातले हे चित्रकार १९२४ साली नागपूरला जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे दिल्लीत राहिले. रूळ आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे; वर्षाकाठी मोजकीच चित्रे करायची, ही त्यांची रीत.

मी म्हटले, "आई, यात सांगण्यासारखं काही नाही. नुसता रंग आहे, आतून उजेड आल्यासारखा."

"म्हणजे चेहरा शोधायचा नाही ना? मग मला तुझ्याइतकंच दिसतंय."

ती तिथे बराच वेळ उभी राहिली. मागून कोणी ढकलत नव्हते.

सगुण-निर्गुण एकच, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि मान डोलावतो. पण डोळे धड असेपर्यंत निर्गुण हा बहुधा शब्दच राहतो. ते चित्र म्हणजे देव नव्हे. पूजेसाठी ते काढलेलेही नाही. तरी समोर शांत उभे राहायला दरवेळी आकार लागतोच असे नाही, हे आईला तिथे उमगले असावे.

त्या रात्री हरिपाठ झाल्यावर तिने विचारले, "माघीला नेशील का? चेहरा नाही दिसला तरी पाय हाताला लागतात की."