उपवासाचे पैसे

5 मार्च 2025, बुधवार

आज राखेचा बुधवार. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख फादरांनी सकाळच्या मिस्सात कपाळावर लावली. आमच्या शाळेत कॅथोलिक मुलं थोडी. बाकीची माळकऱ्यांची, धनगरांची, बागायतदारांची, काही मुसलमानांची. मिस्सा आटोपून ती थोडी मुलं वर्गात आली आणि सातवीत प्रश्नांचा पाऊस पडला. राखेचा अर्थ त्यांनीच इतरांना सांगितला: आपण मातीचे, मातीत जाणार, म्हणून आत्ताच नीट वागायचं. मला मध्ये बोलायची गरज पडली नाही.

दुपारी सिस्टरांनी वर्गावर्गात पुठ्ठ्याचे डबे ठेवले. आजपासून सुरू झालेला उपवासकाळ चाळीस दिवसांचा, त्यात रविवार धरत नाहीत. प्रार्थना, उपवास आणि दान ही त्याची तीन अंगं. सिस्टरांची अट एकच: घरून मागून पैसे आणायचे नाहीत, स्वतःच्या खाऊतून जे सोडाल तेवढंच टाकायचं. या अटीतच सगळं आलं. वडिलांनी दिलेली पन्नासची नोट डब्यात टाकणाऱ्या मुलाचं काहीच कमी होत नाही. मधल्या सुट्टीतला वडापाव सोडणाऱ्याच्या पोटाला मात्र ते कळतं.

7 मार्च, शुक्रवार

फळ्यावर वर्गवार रकमा लिहिल्या होत्या. नववी अ पुढे, आठवी ब मागे. आठवी ब मध्ये शेतमजुरांची मुलं जास्त. मी सिस्टरांना भेटून सांगितलं, हे बंद करा. दान गुपचूप करावं असं सांगणारा मत्तयच्या शुभवर्तमानातला भाग परवाच मिस्सात वाचला. मंदिराच्या पेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्टही याच मुलांना शिकवतो. तिचं दान आकड्यात मोजलं असतं तर ती शेवटची ठरली असती. सिस्टरांनी लगेच फळा पुसला. फोटोही काढायचे नाहीत असं ठरलं.

16 मार्च, रविवार

तुकाराम बीज. निमगाव केतकीला घरी आले. आमच्या गावात तुकोबांची पालखी मुक्कामाला असते, त्यामुळे अन्नदान शिकवावं लागत नाही. आषाढात दारात आलेल्या वारकऱ्याला भाकरी-पिठलं देताना त्याचं गाव कोणी विचारत नाही, जात तर नाहीच.

पण उपवासाचं बोलणं निघालं तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, आपल्या एकादशीला साबुदाणा, वरई, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. खर्च रोजच्यापेक्षा जास्तच. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या आत्याबाई दळण दळताना रोज एक मूठ बाजूला काढायच्या. बोर्डिंगच्या पोरांसाठी." मूठ काढायची ही रीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी गावोगाव रुजवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही मोडलं. तिकडे मिझोराममधल्या ख्रिस्ती बायकाही 1910 पासून रोजच्या स्वयंपाकातला मूठभर तांदूळ चर्चसाठी काढून ठेवतात. रोज, आधी, स्वतःच्या वाट्यातून काढलेलं हेच खरं दान, असं माझं ठाम मत आहे. उरलंसुरलं दिलं की घर आवरलं जातं, एवढंच.

22 मार्च, शनिवार

हा दिवस सविस्तर लिहून ठेवायला हवा.

हंगाम संपत आला, साखर कारखान्यांचे पट्टे पडू लागलेत. शाळेमागच्या माळावर बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या आहेत. दिवाळीपासून ही माणसं इथं आहेत आणि आमची मुलं रोज त्यांच्या शेजारून शाळेत येतात. डब्यातल्या पैशांचा काही भाग कारितास इंडियाकडे जाणार आहे. बिशपांच्या परिषदेने 1962 मध्ये उभी केलेली ही संस्था दर उपवासकाळात भूक आणि रोगराईविरुद्ध मोहीम चालवते. उरलेला भाग इथंच वापरायचा, आणि सगळ्यांच्या मनात बिस्किटांचे पुडे वाटायचे होते. सिस्टर म्हणाल्या, आधी विचारून येऊ.

एक बाई मोळ्या बांधून नुकती परतली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. आम्ही काय हवं विचारलं. तिनं आमच्याकडे नीट बघून घेतलं, मग म्हणाली, "ताई, बिस्किटं खाऊन संपत्यात. ही माझी पोरगी सहावीला. सहा महिने वही उघडली न्हाई. गावी गेल्यावर परीक्षा हाय. कुणी शिकवलं तर बघा." मुलगी धाकट्या भावाला काखेत घेऊन उभी होती. पायात चप्पल नव्हती. ते आईनं सांगितलंही नाही.

परतताना नववीच्या मुली गप्प होत्या. मग त्यांनीच ठरवलं: टोळी गाड्यांत चढेपर्यंत रोज शाळा सुटल्यावर तासभर जायचं. अपूर्णांक आणि इंग्रजीपासून सुरुवात. डब्यातून चपला आणि वह्या घेतल्या.

31 मार्च, सोमवार

ईद. यंदा रमजान आणि उपवासकाळ बराचसा एकत्र आला. आठवीतल्या एकाच्या वडिलांनी शिरखुर्मा पाठवला आणि निरोप दिला की फित्र्याचं दान ईदच्या नमाजाआधीच द्यावं लागतं, म्हणजे गरिबालाही त्याच दिवशी सण करता येतो. वेळेवर दिलेलंच उपयोगी, हे मला फार पटलं.

5 एप्रिल, शनिवार

मोरगाव-सुप्याच्या जिरायती पट्ट्यात लग्नाला गेले. नीरा डाव्या कालव्याची हिरवाई मागे पडली की बारामती तालुका वेगळाच दिसतो. वाटेत एक पाझर तलाव, तळाशी थोडं पाणी. 1960 च्या दशकाच्या अखेरीस दुष्काळात कासा या प्रोटेस्टंट चर्चांच्या मदतसंस्थेकडून आलेलं धान्य मजुरीपोटी देऊन या भागात असे तलाव बांधले गेले. त्याच कामातून 1971 मध्ये बारामतीची ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभी राहिली. परक्या माणसांनी दिलेलं धान्य कधीच संपलं; तलावात अजून पाणी साठतं. घेणाऱ्यानं घाम गाळला, म्हणून त्याला कोणापुढे मान खाली घालावी लागली नाही.

17 एप्रिल, गुरुवार

पवित्र गुरुवार. फादरांनी बारा जणांचे पाय धुतले. त्यांत एक नर्स आणि एक शाळकरी मुलगीही होती. 2016 पर्यंत नियमाप्रमाणे फक्त पुरुषांचे पाय धुतले जात. तो नियम पोप फ्रान्सिस यांनी बदलला. त्याआधीच, 2013 मध्ये, रोममधल्या बालसुधारगृहात त्यांनी एका मुसलमान मुलीचे पाय धुतले होते.

21 एप्रिल, सोमवार

काल ईस्टर झाला. आज दुपारी पेपर चालू असताना बातमी आली: पोप फ्रान्सिस गेले, वय 88. सिस्टर चॅपलमध्ये गेल्या. मी पर्यवेक्षण संपवून आले आणि आम्ही दोघी बराच वेळ बसलो.

उठताना पुढच्या वर्षाचं ठरवलं. राखेचा बुधवार 2026 मध्ये 18 फेब्रुवारीला आहे. तोवर थांबायचं नाही. कोप्या उभ्या राहिल्या की नोव्हेंबरातच जाऊन मुलांची नावं लिहून घ्यायची आणि त्यांना आपल्या वर्गात बसवायचं. कारखान्याजवळच्या प्रत्येक शाळेनं, ती कुठल्याही धर्माच्या माणसांनी चालवलेली असो, एवढं करावं.