बांधाबांधीपूर्वी
कोलकात्यास बदली होऊन आलो, तेव्हा कचेरीतील हिशेबाचे यंत्र माझ्या स्वाधीन झाले. आयबीएमच्या एएस/४०० या १९८८ साली निघालेल्या घराण्यातील ते. एका शनिवारी रात्री टेपवर प्रत घेताना सूचना उमटली: निवृत्तिवेतनाची एक फाईल क्षत झाली आहे, ती वगळली. काम मात्र निमूटपणे पुढे चालूच राहिले!

अशी फाईल सहसा दुरुस्त होत नाही. ती काढून जुन्या टेपवरील प्रत आणावी लागते. आणि ती टेप तर पुढच्या शनिवारी पुसली जायची होती. मी ती कुलपात ठेवली. मग सर्वांचे काम थांबवून ‘रिक्लेम स्टोरेज’ ही आज्ञा दिली. ठिकाण हरवलेल्या वस्तू तिने क्यूआरसीएल नामक लायब्ररीत ठेवल्या. मालक नसलेल्यांना एक ठरावीक मालकही दिला. पहाटे फाईल परत आली. मधल्या नोंदी कागदांवरून पुन्हा भरल्या. कुणा विधवेचे वेतन अडले नाही.

आपण बदलीवाले दर तीन वर्षांनी सामान बांधतो. काय मोडले आहे, ते मात्र नव्या गावी पेटी उघडल्यावरच पाहतो. त्या रात्रीपासून मी आधी पाहतो, मग बांधतो.