मधली ओळ

मंगळवार, रात्र.

आत्याचा पेट-सीटीचा रिपोर्ट आला. फुप्फुसातली गाठ ३२ मिलिमीटरवरून २१ वर. यकृतातले डाग होते तेवढेच. आणि छातीच्या मध्यभागी एका लसिकाग्रंथीत नवी चमक. आतोबांनी पहिली ओळ धरली, मी शेवटची. मधल्या ओळीला कुणी वाली नाही.

चमक म्हणजे कॅन्सरच, असं नाही. या तपासणीत शिरेतून किरणोत्सारी ग्लुकोज देतात. ते जास्त ओढणाऱ्या पेशी उजळ दिसतात. कॅन्सरच्या पेशी ओढतात, तशा संसर्गाशी झुंजणाऱ्याही. आत्याला नुकताच ताप-खोकला झालेला.

डॉक्टर निवडक गाठींच्या मापांची बेरीज बघतात. ती ३० टक्के घटली तर अंशतः प्रतिसाद, २० टक्के वाढली तर आजाराची वाढ, अधलंमधलं ‘स्थिर’. पण नवी गाठ निर्विवाद कॅन्सरची ठरली, तर बाकीची घट असूनही आजार वाढला असंच धरतात. म्हणून आता ग्रंथीची बायोप्सी.

आमचा वाद ऐकून आत्या म्हणाली, “तुमचं चालू द्या. खोकल्याचं औषध जेवणाआधी की नंतर, तेवढं सांगा.”

आज उत्तर देता येईल असा तेवढा एकच प्रश्न होता. नंतर, म्हटलं.