रणांगणावरून रानात

युद्ध संपले की शिपाई घरी परततात. पण त्यांच्यासाठी राबलेल्या यंत्रांचे पुढे काय होते? १९४५ साली दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा हा प्रश्न साऱ्या जगापुढे उभा राहिला. एकट्या कॅनडाने त्या युद्धकाळात ८ लाखांहून अधिक लष्करी वाहने बनवली होती. अमेरिकेतील जीएमसी कंपनीच्या अडीच टनी मालमोटारींची संख्याही ५ लाखांवर गेली होती. भारतात आलेल्या अशा वाहनांपैकी पुष्कळ वाहने युद्धानंतर विकली गेली आणि काल दारूगोळा वाहणाऱ्या गाड्या धान्याची पोती वाहू लागल्या. पुढे जबलपूर येथे सैन्यासाठी ‘शक्तिमान’ मालमोटार तयार होऊ लागली. सेवा संपल्यावर तिच्याही वाट्याला लिलाव आला.

नांदेड आणि लातूर हा काळ्या मातीचा मुलूख. पावसाळ्यात या मातीत चाक रुतले, तर बैलांच्या तोंडाला फेस येतो. साध्या मालमोटारीची केवळ मागची चाके इंजिनाच्या बळाने फिरतात. चिखलात ती जागच्या जागी गरगरत राहतात. लष्करी मालमोटारीत मात्र एक दांडा ओढला, की पुढच्या चाकांनाही ते बळ मिळते. पुढची चाके ओढतात, मागची ढकलतात आणि गाडी चिखलातून बाहेर पडते. कोरड्या, कठीण रस्त्यावर तो दांडा पुन्हा जागेवर न्यावा लागतो. नाहीतर चाकांची आपसांत ओढाताण होऊन गिअरचे दाते झिजतात.

परंतु अशा गाडीचा खरा वैरी चिखल नव्हे, धूळ होय. उन्हाळ्यात मराठवाड्याच्या कच्च्या वाटांवर फुफाटा उडतो. ती बारीक धूळ इंजिनातील तेलात मिसळली, की सहाणेवर चंदन झिजावे तसा आतला दट्ट्या झिजू लागतो. म्हणून जुन्या गाड्यांत हवा प्रथम तेलाच्या भांड्यावरून जाते. धूळ तेलाला चिकटते व स्वच्छ हवा इंजिनात शिरते. ते भांडे वेळच्या वेळी धुतले नाही, तर ही सारी योजना व्यर्थ होय.

जुन्या गाडीचे सुटे भाग बाजारात सहजासहजी मिळत नाहीत. मग मिस्त्री झिजलेला भाग समोर ठेवतो, त्याची मापे घेतो आणि लेथवर नवा भाग कातून घेतो. गाडीखाली शिरताना तो केवळ जॅकवर विश्वास टाकत नाही. भक्कम ठोकळ्यांचा आधार देतो. ब्रेकच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर पाय दाबूनही गाडी थांबत नाही, हे तो जाणतो. त्याच्या हलगर्जीपणाची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागेल, याची जाण त्याच्या हातांना असते.

यंत्रांची निगा राखण्यासाठी सैन्यात १९४३ पासून एक स्वतंत्र दल आहे. ‘कर्म ही धर्म’ हे त्याचे ब्रीद. नांदेडहून रेल्वेने जाता येते त्या सिकंदराबादेस या दलाच्या जवानांना शिक्षण दिले जाते. पाणी, तेल, टायरमधील हवा, चाकांचे नट हे सारे गाडी निघण्यापूर्वीच पाहावयाचे, ही त्या शिक्षणातील पहिली शिस्त.

या शिस्तीचे मोल ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्याने पाहिले. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. गावेच्या गावे कोसळली. हजारो माणसे मृत्यू पावली. त्यातच पाऊस कोसळू लागला. सैन्याच्या तुकड्या मदतीस धावून आल्या. अशा पहाटे गाडी सुरू करावयाची असते, दुरुस्त करावयाची नसते. तेल आणि पाणी पाहण्याचे काम आदल्या दिवशीच, काहीही विपरीत घडलेले नसताना, कोणीतरी मुकाट्याने केलेले असावे लागते.

बंद पडलेली गाडी सुरू करणाऱ्याचे कौतुक सर्वच करतात. ती बंद पडू नये म्हणून रोज सकाळी चिंधीने तेलाची पट्टी पुसणारा माणूस मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही. जुनी मालमोटार अनेक वर्षे चालते, ती त्याच्यामुळेच.