थंडीची तहकुबी

शीतगृहाचा जाड दरवाजा पाठीमागे बंद झाला, की आता आपला माल निर्धास्त झाला अशा समजुतीने आमच्या पिंपळगाव-दिंडोरीकडचा बागायतदार जो सुटकेचा निःश्वास टाकतो, त्या निःश्वासाविरुद्धच मला येथे तक्रार गुदरावयाची आहे. काढणीनंतर द्राक्षाला जडणाऱ्या रोगांचा अभ्यास हा माझा व्यवसाय. आणि त्यात केस पांढरे केल्यावर माझ्या पदरी पडलेले ज्ञान इतकेच, की थंडीपुढे गेलेला बुरशीचा खटला तहकूब होतो, निकाली निघत नाही.

जिचा हा खटला, त्या करड्या बुरशीचे शास्त्रीय नाव बॉट्रायटिस सिनेरिया. ग्रीक भाषेत बॉट्रिस म्हणजे द्राक्षांचा घड, आणि लॅटिनमधील सिनेरिया म्हणजे राखेच्या रंगाची. सूक्ष्मदर्शकाखाली तिची बीजुके खरोखरच घडासारखी लगडलेली दिसतात, म्हणजे जिच्यापासून घड वाचवावयाचा तिनेच घडाचे नाव लावून घेतले आहे. (हंगेरीतील तोकाय येथे हीच बाई मद्याच्या द्राक्षावर अवतरली तर तिचे स्वागत होते, प्रतिष्ठा ही स्थलसापेक्ष असते, दुसरे काय!) इतर बहुतेक बुरशा शून्य अंशाजवळ निपचित पडतात, ही मात्र उणे अर्ध्या अंशालाही, मंद गतीने का होईना, आपले तंतू पसरीत राहते. शिवाय तिचा प्रवेश पुष्कळदा शीतगृहात होतच नाही. फुलोऱ्यात पाऊस झाला तर गळू न शकलेल्या फुलांच्या अवशेषांवर ती ठाण मांडते, मणी कच्चा असेतो दबून राहते, आणि साखर भरली की आतून काम सुरू करते. असा मणी डोळ्यांना निरोगी दिसतो. पण अंगठ्याने हलकेच दाबून सरकविला तर त्याची साल गरावरून, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी, अलगद सुटून येते. करडी लव दिसू लागते ती त्यानंतर, आणि तोवर तंतू शेजारच्या मण्यांत उतरून पेटीच्या कोपऱ्यात बुरशीचे एक घरटेच तयार झालेले असते.

यावर गंधकाच्या वायूचा इलाज जुना आहे. 1925 साली कॅलिफोर्नियात विंकलर आणि जेकब या दोघांनी सल्फर डायऑक्साइडच्या उपयोगाविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले, आणि आज आपल्या पेटीत घातला जाणारा कागदी पॅड, ज्याला सारे ‘ग्रेप गार्ड’ म्हणतात, तो त्याच विद्येचा वंशज होय. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असते. पेटीतील ओलावा त्यास लागला की वायू सुटतो, पहिला हप्ता एक-दोन दिवसांत झपाट्याने आणि दुसरा कित्येक आठवडे थेंबाथेंबाने. हा वायू पृष्ठभागावरची बीजुके मारतो; सालीआड बसलेल्या तंतूंपर्यंत त्याचा हुकूम पोहोचत नाही. आणि अधिक घालून भागत नाही, कारण फळातील त्याच्या अवशेषाची मर्यादा युरोपीय बाजारात किलोस 10 मिलिग्रॅम इतकीच आहे.

काही वर्षांपूर्वी, मार्चअखेरीस, एका निर्यातदाराकडे परत तपासणीसाठी ठेवलेली पेटी माझ्यासमोर उघडली गेली. देठाभोवती मणी भाजल्यासारखे फिके पडले होते, म्हणजे वायू अधिक झाल्याचा पुरावा. आणि त्याच पेटीच्या तळाशी मुठीएवढे करडे घरटे, म्हणजे वायू कमी पडल्याचा पुरावा. पॅडच्या कारखान्याची कसूर, असा सर्वांचा निवाडा तयार होता. मी पॅकहाऊसचे दप्तर मागविले. माल दुपारी कापलेला, क्रेट तासन्‌तास पत्र्याच्या छपराखाली उभे, आणि पूर्वशीतन पुरे होण्याआधीच पॅड घालून प्लास्टिकचे अस्तर मिटलेले! आत उबदार फळ, बाहेर थंड हवा. अस्तराला आतून घाम फुटला, पॅड भिजला, महिनाभराचा वायू दोन दिवसांत उधळला गेला, आणि विसाव्या दिवशी बुरशी जागी झाली तेव्हा पहाऱ्यावर कोणी नव्हते.

म्हणून माझा आग्रह शीतगृहाअलीकडच्या चार-सहा तासांविषयी असतो. पहाटे कापणी, तडकलेला मणी ओढून न काढता कात्रीने देठापासून छाटणे, क्रेट सावलीत, उघड्या पेटीत पूर्वशीतन, मग पॅड, मग अस्तर. पुढे शून्याजवळचे तापमान आणि 90 ते 95 टक्के आर्द्रता सांभाळणे हे यंत्राचे काम, ते यंत्र करते. 2024 च्या हंगामात तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपची जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून गेली आणि प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला, तेव्हा या तासांची किंमत अनेकांना रोकडीत कळली.

खोलीच्या दारावरचा आकडा हा खोलीच्या हवेचा असतो, फळाचा नव्हे. तेव्हा येत्या हंगामात, पॅड घालण्यापूर्वी, थप्पीच्या मधल्या पेटीतील एका मण्यात तापमापकाची सुई खुपसून दिसेल तो आकडा वहीत टिपावा, आणि तो 4 अंशांच्या वर असेल तर ट्रक दारात खोळंबला असला तरी अस्तर मिटू नये, एवढाच माझा बागायतदार वाचकांना अर्ज आहे.