एका अंगातले दोन भाऊ

विषय असा आहे की निम्म्या नातेवाइकांना कळणार नाही आणि उरलेल्या निम्म्यांना वाटेल, हिला झालंय तरी काय? :) यूट्यूबवर 'द सन अँड मून शो' नावाची एक मालिका आहे. यंत्राच्या दोन भावांची. एका भीतीदायक गेमवर फिदा असलेल्या मंडळींनी हौसेनं सुरू केलेली. तिचे शेकडो भाग आहेत आणि त्यातले बरेच मी पाहिले आहेत. स्वतःहून, कुणी बळजबरी न करता.

हे सगळं माझ्या आयुष्यात आलं ते बहिणीच्या मुलांमुळे. त्यांना खरी नावं आहेत, पण "मावशी, ब्लॉगवर नाव टाकायचं नाही" अशी सक्त ताकीद मिळाली आहे, म्हणून इथे ते थोरला आणि धाकटा. बहीण आणि तिचा नवरा २०२२ च्या दिवाळीनंतर वेगळे झाले. त्याची कारणं हा या लेखाचा विषय नाही. (ज्या नातेवाइकांना ती हवी आहेत त्यांना ती आधीच पाठ आहेत.) थोरल्याची दहावी तोंडावर, शाळा बदलायला नको, म्हणून तो पुण्यात वडिलांकडे राहिला. धाकटा दहा वर्षांचा, तो आईबरोबर नाशिकला आला. जन्मापासून एका खोलीत, एकाच दिवाणाच्या वरच्या आणि खालच्या गादीवर झोपलेली ही दोन पोरं. मोठ्यांनी कागदावर सगळं नीट वाटून घेतलं, आणि त्या वाटणीत हे दोघंही वाटले गेले.

२०२३ च्या मे महिन्यात धाकटा माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आला. रोज रात्री नऊला हातातलं काहीही टाकून फोन घेऊन गॅलरीत. पलीकडे पुण्यात थोरला. "एक, दोन, तीन, प्ले!" आणि दोघं आपापल्या पडद्यावर एकच भाग एकाच वेळी बघायचे. फोन स्पीकरवर. नेटमुळे एखादा सेकंद पुढेमागे व्हायचं, म्हणजे तोच विनोद मला दोनदा ऐकू यायचा आणि त्यावरचं हसूसुद्धा दोनदा. चौथ्या दिवशी मी पोळ्या उरकून गॅलरीत जाऊन बसले.

आता थोडी पार्श्वभूमी. तिच्याशिवाय हे कळणार नाही, आणि मला स्वतःला ती फार मजेशीर वाटली.

अमेरिकेत १९७७ मध्ये नोलन बुशनेल या माणसानं, 'अटारी' ही व्हिडिओ गेम कंपनी काढणाऱ्यांपैकी एक, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये एक पिझ्झाचं दुकान काढलं. त्यातूनच पुढे 'चक ई. चीज' ही साखळी झाली. पिझ्झा भाजेपर्यंत पोरं कंटाळणार, म्हणून तिथे गाणारे-बोलणारे यांत्रिक प्राणी बसवले. हवेच्या दाबानं त्यांचे जबडे नि पापण्या हलायच्या, आवाज आधीच टेपवर भरलेला असायचा. यालाच अॅनिमेट्रॉनिक म्हणतात. अमेरिकेतल्या दोन-तीन पिढ्यांचे वाढदिवस या प्राण्यांसमोर साजरे झाले, आणि त्यातली बरीच मुलं त्यांना टरकूनही असायची. साहजिकच आहे. माणूसभर उंचीचा उंदीर डोळे फिरवत तुमच्याकडे बघतोय म्हटल्यावर केक कसा गोड लागेल? त्या कंपनीनं २०२४ मध्ये जवळजवळ सगळ्या शाखांमधून ही यंत्रं काढून टाकली.

पण ती भीती वाया गेली नाही. स्कॉट कॉथन नावाचा एक गृहस्थ एकट्यानं गेम बनवायचा. २०१३ मध्ये त्यानं लहान मुलांसाठी एक गोड गेम केला, तर लोक म्हणाले, यातली पात्रं भुताटकीच्या यंत्रांसारखी दिसतात! दुसरा कुणी खचला असता. यानं विचार केला, असं आहे तर मग खरंच भीतीदायक करू. २०१४ च्या ऑगस्टमध्ये 'फाइव्ह नाइट्स अॅट फ्रेडीज' आला. पिझ्झाच्या दुकानात रात्रपाळीचा पहारेकरी, आणि अंधारात जागेवरून हलणारे यांत्रिक प्राणी. त्या प्राण्यांच्या आत मारल्या गेलेल्या मुलांचे आत्मे. पुढे त्याचे कितीतरी भाग आले, पुस्तकं आली, २०२३ मध्ये सिनेमा आला.

मी धाकट्याला म्हटलं, यात काय मोठं, आमच्याकडे १९९३ मध्येच 'झपाटलेला' आला होता. मग त्याला तात्या विंचू दाखवला. रामदास पाध्यांची ती बाहुली बघून तो सोफ्यावर पाय वर घेऊन बसला. सिनेमा संपल्यावर म्हणाला, "पण मावशी, तात्या विंचूमध्ये खुन्याचा आत्मा आहे. आमच्यात मेलेल्या मुलांचा आहे." फरक आहे खरा. त्यानंतर बराच वेळ माझ्या डोक्यात ते वाक्य राहिलं.

असो. तर २०२१ च्या डिसेंबरमध्ये या मालिकेतला 'सिक्युरिटी ब्रीच' हा गेम आला. त्यात एका प्रचंड मॉलसारख्या ठिकाणी ग्रेगरी नावाचा पोरगा रात्री अडकतो. तिथे एक पाळणाघर आहे आणि ते सांभाळणारं एक यंत्र. दिवे चालू असतील तर ते सन. चेहऱ्याभोवती किरणं, विदूषकाचे कपडे, अखंड बडबड. त्याची एकच विनवणी, दिवे बंद करू नका. दिवे गेले की किरणं आत जातात, डोक्यावर रात्रीची टोपी येते आणि तेच यंत्र मून होतं, शांत आवाजात पोराच्या मागे लागणारं. अंग एकच. दोघांपैकी एकच कुणीतरी एका वेळी असू शकतो. मग अंधारात पाच जनरेटर शोधून चालू करायचे, तेव्हा पुन्हा सन.

मूळ गेममध्ये हा सगळा प्रकार थोडाच वेळ चालतो. पण लोकांचा जीव त्याच्यातच अडकला. आणि २०२२ मध्ये काही हौशी मंडळींनी या एका यंत्राची मालिका सुरू केली. ती ज्या पद्धतीनं करतात ते मला फार आवडलं. व्हीआरचॅट म्हणून एक आभासी जग आहे, त्यात डोक्याला यंत्र लावून शिरायचं आणि सन किंवा मूनचं रूप घ्यायचं. तुम्ही मान वळवली की सनची मान वळते, तुम्ही हात उडवला की मूनचा हात उडतो, तुम्ही बोललात की त्याचं तोंड हलतं. म्हणजे बाहुलीचा खेळच की हो! फक्त दोरी धरणारा बाहुलीच्या आत जाऊन बसलाय. बरंचसं आयत्या वेळी सुचल्यासारखं वाटतं. मधेच कुणाला तरी खरंच हसू फुटतं आणि ते आवरता आवरत नाही. ते हसू ऐकण्यासाठीसुद्धा मी काही भाग पुन्हा पाहिले आहेत.

या मालिकेत सन आणि मून भाऊ आहेत. सन काळजीवाहू, घाबरट, प्रत्येक गोष्ट टापटीप हवी. मून चिडका, तुसडा, सतत काहीतरी खटपट करणारा आणि भावावर जीव असूनही तसं तोंडानं कधी न म्हणणारा. एका अंगात असतानाची त्यांची भांडणं म्हणजे डोक्यातल्या डोक्यात चालणारी भांडणं. पुढे त्यांना वेगवेगळी शरीरं मिळतात. मग भलतेच गेम खेळणं, एकमेकांची फजिती करणं, रुसणं. आणि मधेच कथा एकदम गंभीर होते. एक्लिप्स येतो. तो दुष्ट. त्यानं बनवलेला लुनार येतो, मूनसारखाच पण लहान. एक्लिप्सच्या हाताखाली हाल काढून तो या दोघांच्या घरी येतो आणि त्यांचा धाकटा भाऊ होतो. नंतर अर्थ नावाची बहीणही येते. म्हणजे घर वाढत जातं, आणि वाढतं ते कुणाचं तरी मोडल्यामुळेच.

अभिनय कधी कधी फार ताणलेला असतो, कथा इतकी वळणं घेते की आपल्या दूरदर्शनवरच्या मालिकांनी लाजावं. अमका मेला, तमका दुसऱ्या विश्वातून आला... मी मधले बरेच भाग सोडून दिले. पण भावाभावांची भांडणं मात्र अस्सल. "तू माझी वस्तू का घेतलीस" यावरून सुरू होऊन "तुला मी नकोच होतो" इथपर्यंत दोन मिनिटांत पोचणारी. ज्यांना भावंडं आहेत त्यांना ती गाडी कुठल्या रस्त्यानं जाते ते माहीत आहे.

एका रात्री भाग संपल्यावर धाकटा माझ्याजवळ येऊन बसला. मी सहज म्हटलं, अरे, आपल्याकडेही ग्रहणाची गोष्ट अशीच आहे. एक असुर देवांच्या पंगतीत बसून अमृत प्यायला लागला, सूर्य आणि चंद्र या दोघांनी त्याची चहाडी केली आणि विष्णूनं त्याचं डोकं उडवलं. पण अमृत घशात गेलं होतं, म्हणून तो मेला नाही. डोकं राहू आणि धड केतू. धाकट्याचे डोळे एवढे मोठे! लगेच पुण्याला फोन. "दादा, एक्लिप्सपण आधी एकच होता! त्याचेही दोन झाले!" मग माझ्याकडे वळून विचारलं, "राहू आणि केतू पुन्हा भेटतात का?"

मी म्हटलं, पत्रिकेत ते कायम समोरासमोर असतात. एकमेकांपासून सगळ्यात लांब, पण बरोबर समोर.

"म्हणजे एकमेकांना दिसतात," असं म्हणून तो झोपायला गेला.

बहिणीला मी हे सांगितलं नाही. तेव्हा ती रोज कचेरीतून येऊन मुलांच्या ताब्याचे कागद वाचत बसायची, आणि भेटणारा प्रत्येकजण तिला सांगायचा की मुलं लवकर रुळतात. दोघंही परीक्षेत चांगले मार्क मिळवत होते, जेवत होते, म्हणजे रुळलेच म्हणायचे.

त्या वर्षी कोजागरीला चंद्रग्रहण होतं, २८ ऑक्टोबरला. आपल्याकडे खंडग्रास, रात्री एकनंतर. दूध आटवायचं की नाही यावर आमच्या सोसायटीत रीतसर वाद झाला. (आटवलं.) दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला, की रात्री दीड वाजता धाकटा गच्चीवर सापडला, शाल गुंडाळून, कानाला फोन. पुण्यात थोरला त्यांच्या गच्चीवर. चंद्राचा एक छोटासा तुकडाच काय तो काळा झाला होता, पण दोघं मूनच्या आणि सनच्या आवाजात एकमेकांशी भांडत होते. ती जिन्यात उभी राहून ऐकत होती. थोरल्याची दहावी चार महिन्यांवर, दुसऱ्या एखाद्या आईनं ओरडून फोन काढून घेतला असता. ती पंधरा मिनिटं तशीच उभी राहिली. "त्यांनी आम्हा दोघांची नक्कल नाही ना केली, एवढंच ऐकत होते," ती म्हणाली. मी विचारलं, मग केली का? "नाही. त्यांच्या भांडणात आम्ही नव्हतोच."

डिसेंबरात खरं भांडण झालं. थोरल्यानं शाळेतल्या मित्रांबरोबर पुढचे तीन भाग आधीच पाहिले आणि बोलता बोलता एका पात्राचं काय होतं ते सांगून टाकलं. बाहेरच्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. धाकटा आठ दिवस फोनवर आला नाही. नऊ वाजता फोन वाजायचा आणि वाजून बंद व्हायचा. बहीण म्हणाली, तू बोल त्याच्याशी. मी बोलले नाही. तो कशासाठी रागावला होता ते मला नीट कळत होतं, आणि तो राग योग्य होता. आईवडिलांनी न विचारता ठरवलं ते त्यानं मुकाट ऐकलं होतं. दादानं न विचारता पुढे जायचं नव्हतं.

नवव्या दिवशी थोरला एसटीनं नाशिकला आला. वडिलांना सांगून, सराव परीक्षेचे पेपर दप्तरात घेऊन. काही बोलला नाही. ते तीनही भाग त्यानं धाकट्याच्या शेजारी बसून पुन्हा पाहिले, आणि पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा दचकला. धाकट्याला ते नाटक कळत होतं. "किती वाईट अॅक्टिंग करतोस," एवढंच म्हणाला.

आता थोरला कॉलेजात आहे. मिसरूड फुटलंय, आवाज खरोखरच मूनसारखा झालाय. मागच्या महिन्यात मला म्हणाला, "मावशी, मला ते आता फारसं आवडत नाही. सारखं तेच तेच होतं." मी विचारलं, हे धाकट्याला सांगितलंस? तर म्हणाला, त्याला माहीत आहे.

फोन अजून नऊलाच होतो. थोरला इकडे गणितं सोडवत असतो, पडद्याकडे बघतही नाही. धाकटा तिकडून धावतं समालोचन करतो. "आता सन आत आला... आता लुनार चिडलाय... दादा, ऐकतोयस का?"

"हं. पुढे?"