मळवलीची चित्रे

आमच्या पिंपरीची ओळख कारखान्यांची. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे भोंगा, पाळी नि पगाराचा दिवस यांवर गावाचे घड्याळ चालू लागले. पण याच लोहमार्गावर त्याच्या कितीतरी आधी एक निराळा कारखाना नांदत होता. तेथे देवादिकांची चित्रे तयार होत. त्याची निदान जागा तरी पाहावी म्हणून एका रविवारी मी लोणावळ्याची लोकल पकडली.

देहूरोड, तळेगाव, कामशेत मागे पडले. डाव्या हाताला लोहगड-विसापूरची जोडी दिसू लागली आणि मळवली आले. बरोबर उतरलेली मंडळी कार्ल्याच्या नाहीतर भाज्याच्या वाटेला लागली. छापखान्याच्या वाटेला मी एकटाच!

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत हा छापखाना काढला. १८९६ पासून मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि पुढे यंत्रे या मावळी खेड्यात आली. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. छपाई शिळेवरची. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र उलटे काढायचे, दगड पाण्याने भिजवायचा. मग शाई फक्त तेलकट रेघांनाच धरते. प्रत्येक रंगाला शिळा वेगळी. एक केसभर सरकली, तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग हनुवटीवर!

येथे रविवर्म्यांखेरीज इतरांचीही चित्रे छापली गेली. त्यांत कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर होते. १८९० साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून शिरले, तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. आपल्या आठवणींना त्यांनी नाव दिले 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे'. दिवसा मुलांच्या रेघा सुधारणाऱ्या या मास्तरांची चित्रे छापून निघाली, म्हणूनच ज्यांनी कलाशाळेची पायरी कधी चढली नाही, त्यांच्याही घरी पोचली. मूळ तैलचित्र संस्थानिकाच्या महालात. छापील तसबीर माझ्या आजोळच्या ओसरीवर.

रविवर्म्यांचे आणि धुरंधरांचे नाव राहिले, हे योग्यच झाले. पण शिळेवर रंगारंगाची रेघ उतरवणारे कोण? त्यांची नावे चित्रावर नाहीत. समोरच्या डोंगरात, कार्ल्याच्या लेण्यात, दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे दगडात वाचता येतात. एका सुताराचेही नाव आहे. येथला दगड मात्र काम झाले की घासून पुन्हा कोरा करायचा, नव्या चित्रासाठी. कारागिराचा हात दगडावरही उरला नाही. आमच्या पिंपरीत औषधाच्या कुपीवर तरी ती भरणाऱ्याचे नाव कुठे असते?

१९७२ साली छापखान्याला आग लागली आणि पुष्कळसा ठेवा जळाला. उरले ते तुमच्या-आमच्या भिंतींवर. तेव्हा वाचकहो, या लक्ष्मीपूजनाला जुनी तसबीर पुसून पाटावर मांडाल, तेव्हा तिच्या खालच्या काठावरची बारीक अक्षरे जरा उजेडात धरून वाचा. रविवर्मा प्रेसचे नाव निघाले, तर ती काच बदलण्याच्या भरात तसबीर रद्दीत जाऊ देऊ नका. मळवलीच्या त्या अनाम हातांची तेवढीच सही शिल्लक आहे.